भाड्याने राहावं की घर घ्यावं? पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

"भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे." पुण्यात नोकरीला लागून वर्ष झालं की हे वाक्य कानावर पडायला लागतं. गावाकडून आईवडील फोनवर म्हणतात, ऑफिसात नुकताच फ्लॅट बुक केलेला सहकारी म्हणतो, आणि साइटवरचा सेल्सवाला तर म्हणणारच. पण कर्जाच्या हप्त्यातही पाण्यात जाणारा भाग असतो आणि पहिली काही वर्षं तो भाड्यापेक्षा बराच मोठा असतो, ते सहसा कुणी मांडून दाखवत नाही. म्हणून आधी हिशेब करू, मग भाड्याचं घर कसं घ्यायचं ते बघू, मग खरेदी. आकडे पुण्याचे धरले आहेत. कायदे आणि कागद बहुतेक सगळ्या महाराष्ट्राला लागू आहेत.

पहिली पायरी: इथे किती वर्षं राहणार?

बजेटच्याही आधी हा प्रश्न. नोकरी हिंजवडीत आहे, पण दोन वर्षांत बंगळुरूला किंवा परदेशी जायची शक्यता आहे का? लग्न व्हायचंय का, आणि झाल्यावर जोडीदाराची नोकरी खराडीला निघाली तर? हिंजवडीजवळच्या वाकडहून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खराडीला रोज जाऊन बघा म्हणजे प्रश्नाचं वजन कळेल. आईवडील पुढेमागे राहायला येणार असतील तर वन बीएचके पुरणार नाही.

माझं मत सरळ आहे: एकाच भागात निदान सात-आठ वर्षं राहण्याची खात्री नसेल तर खरेदीची घाई करू नका. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

दुसरी पायरी: कागद-पेन घेऊन बसा

समजा, ८० लाखांचा टू बीएचके आहे, बांधकाम चालू असलेला. तसाच फ्लॅट शेजारच्या सोसायटीत २५ हजार भाड्याने मिळतोय. तुमच्या भागातले आकडे वेगळे असतील, ते इथे घाला.

८० लाख ही फक्त करारातली किंमत. पुण्यात त्यावर मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणजे इथे ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी ५ टक्के, ४ लाख. झाले ८९ लाख ९० हजार. पार्किंग, सोसायटीचं आगाऊ मेंटेनन्स, वकिलाची फी, पंखे-ट्यूबपासून किचन ट्रॉलीपर्यंतचा खर्च यात अजून धरलेलाच नाही. बिल्डर जेव्हा 'बॉक्स प्राइस' (सगळं धरून एकच किंमत) सांगतो तेव्हा यातलं काय काय बॉक्समध्ये आहे ते लिहून मागा.

यातली काही ओझी कमी होऊ शकतात. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, या उदाहरणात ८० हजार. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी लागतच नाही. ४५ लाखांपर्यंतच्या छोट्या घरांना, क्षेत्रफळाच्या मर्यादेत बसत असतील तर, जीएसटी १ टक्का आहे.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के, त्याच्यावर ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून. आपण ६० लाख कर्ज घेतलं असं धरू. म्हणजे स्वतःचे साधारण ३० लाख हातात हवेत.

६० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता ५२ हजारांच्या थोडा वर. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ४२,५०० रुपये नुसतं व्याज असतं. मुद्दल फिटते साडेनऊ हजार. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला, म्हणजे बँकेला एकूण ३१ लाखांच्या वर दिले, तरी कर्ज उतरतं फक्त ७ लाखांनी. ६० लाखांचे ५३ लाख. कर्जाचं वेळापत्रक बँक देते, ते एकदा शांतपणे वाचा. त्यातला व्याजाचा रकाना बघितल्यावर भाड्याबद्दलचा राग जरा कमी होतो.

तुलना करताना भाड्यासमोर हप्ता ठेवायचा नाही, कारण हप्त्यातली मुद्दल ही तुमचीच बचत आहे. भाड्यासमोर ठेवायचं ते परत न येणारं: व्याज ४२,५००, मेंटेनन्स आणि मिळकतकर मिळून ४,५०० धरू, आणि जे ३० लाख घरात अडकले ते साडेसहा टक्क्यांच्या एफडीत असते तर मिळालं असतं ते, महिन्याला १६ हजारांच्या आसपास. झाले ६३ हजार. समोर भाडं २५ हजार. फरक महिन्याला ३८ हजार, वर्षाला साडेचार लाखांच्या वर.

८० लाखांवर साडेचार लाखांच्या वर म्हणजे जवळजवळ पावणेसहा टक्के. म्हणजेच सुरुवातीच्या वर्षांत तुमच्या फ्लॅटची किंमत वर्षाला निदान पावणेसहा टक्क्यांनी वाढली, तर तुम्ही भाडेकरूच्या बरोबरीला येता. त्याहून जास्त वाढली तर पुढे, नाही वाढली तर मागे.

हा हिशेब कायम असाच राहत नाही. भाडं दरवर्षी पाच-दहा टक्क्यांनी वाढतं आणि व्याजाचा भाग हळूहळू घटतो. म्हणून आठ-दहा वर्षांनंतर पारडं घराकडे झुकायला लागतं. आणि तीन वर्षांत विकायची वेळ आली तर? सुरुवातीला शुल्क आणि जीएसटीत गेलेले ९ लाख ९० हजार परत येत नाहीत. किंमत बारा टक्क्यांनी वाढली तर कुठे तेवढेच वसूल होतात, वर विकताना एजंटची फी आहेच. सात-आठ वर्षं मी म्हणतो ती यामुळे.

एक अट मात्र आहे. भाड्याने राहून दरमहा जे वाचतं ते खरंच बाजूला पडलं पाहिजे. पगार झाल्या दिवशी एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) किंवा आवर्ती ठेवीत रक्कम आपोआप वळती होत नसेल तर हा सगळा हिशेब कागदावरच राहतो. हप्ता माणसाला सक्तीने बचत करायला लावतो. हा त्याचा गुण मान्य केलाच पाहिजे.

करसवलतीच्या नावाखाली घर विकणाऱ्यांपासून सावध राहा. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट आणि मुद्दलावरची दीड लाखाच्या मर्यादेतली वजावट जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत यातलं काही मिळत नाही. घरभाडे भत्त्याची सूटही नाही. तुम्ही कुठल्या पद्धतीत आहात ते आधी बघा.

तिसरी पायरी: भाड्याने घ्यायचं ठरलं तर

घर दोनदा बघा, एकदा सकाळी सातला आणि एकदा संध्याकाळी. सकाळी पाण्याचा दाब कळतो, संध्याकाळी पार्किंग आणि रस्ता. एजंटला विचारून उपयोग नाही, वॉचमनला विचारा: "काका, उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात?" पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, नव्याने वाढलेल्या भागांत पिण्याचं पाणी वेगळं आणि वापराचं वेगळं अशी व्यवस्था सर्रास दिसते. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा, ते तिथेच विचारून घ्या.

घर न बघता टोकन (घर धरून ठेवण्यासाठीची आगाऊ रक्कम) देऊ नका. साइटवर सुंदर फोटो, भाडं कमी, मालक 'सैन्यात आहे, बदली झालीय', आणि क्यूआर कोड पाठवून पैसे मागतोय, हा फसवणुकीचा नेहमीचा साचा आहे.

करार 'लिव्ह अँड लायसन्स' (ठरावीक काळ राहायची परवानगी) असतो, बहुधा ११ महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. पुष्कळ मालक "नोटरी करून टाकू, खर्च कशाला" म्हणतात. खर्च खरं तर फार नाही. २५ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, ११ महिने: मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने सातशे रुपयांच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. वर एजंटचे काही. आधार आणि अंगठ्याच्या मशीनवर घरी बसून होतं. करार नोंदवलेला नसेल तर वादात भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. घासाघीस करणाऱ्या मालकाला याची आठवण करून दिली की तो बहुधा राजी होतो.

करार सही करण्याआधी चार जागा नीट वाचा. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) किती महिन्यांचा आहे, आणि तो तुमच्यासारखाच मालकालाही बांधतो का? नोटीस एक महिन्याची की दोन? घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार असतील तर किती? "एक महिन्याचं भाडं रंगाला" हा पुण्यातला रिवाज झालाय, पण करारात नसेल तर तो मान्य करायचं कारण नाही. आणि डिपॉझिट कधी परत? 'घर सोडल्यावर' असं मोघम नको, 'चावी परत देताना' असं लिहून घ्या.

चावी घेता त्या दिवशी अर्धा तास काढा. मोबाइलवर एक सलग व्हिडिओ करा: दारापासून सुरू करून प्रत्येक खोली, भिंतीवरची ओल, बाथरूमच्या फरशीतली भेग, गीझर चालू होतो का, खिडक्यांच्या जाळ्या. प्रत्येक नळ सोडून बघा, किचन सिंकखाली हात घालून बघा. वीजमीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा आणि महावितरणचं मागचं बिल भरलंय का ते ग्राहक क्रमांक टाकून तपासा. व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. वर्षभराने "हा डाग तुमचाच" म्हटलं तर दाखवायला तारखेसकट पुरावा असतो.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते, ऑनलाइन होतं; त्याची प्रत मागून ठेवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून बिनवापर शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'बॅचलर चालणार नाही' हे मात्र ऐकावं लागणार, त्याला तयारी ठेवा. भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूनेच त्यातून टीडीएस (मालकाच्या प्राप्तिकरापोटीची रक्कम) कापून भरायचा असतो, हे मुंबईत घर घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर 'हेवी डिपॉझिट'बद्दल दोन शब्द. भाडं नाममात्र किंवा शून्य, त्याबदल्यात दहा-पंधरा लाख मालकाकडे ठेवायचे. मालकाचं त्या घरावर कर्ज असेल आणि हप्ते थकले तर बँक घराचा ताबा घेते, आणि तुमचे लाख मालकाच्या मागे फिरून वसूल करावे लागतात. मी तरी यात पडणार नाही.

चौथी पायरी: घ्यायचंच ठरलं तर आधी पैशाची बाजू

सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांत बसले पाहिजेत. बँक याहून जास्तही देईल. तिचं तारण घर आहे, तुमची झोप नव्हे. स्वतःचा वाटा भरल्यावरही सहा महिन्यांचे हप्ते बाजूला राहिले पाहिजेत. नोकरकपातीच्या बातम्या हिंजवडीत वाचायला लागत नाहीत, कँटीनमध्ये कळतात.

साइट बघायच्या आधी बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी घ्या. म्हणजे आपली ऐपत कळते आणि सेल्सवाल्याच्या बोलण्यात ती वाढत नाही.

बँकेचं तरत्या (बदलत्या) दराचं कर्ज बहुधा रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी, बांधलेलं असतं. २०२२ च्या मे महिन्यापासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला पण मुदत मुकाट्याने वर्षानुवर्षं लांबली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. तुम्ही हप्ता वाढवणं निवडा. शिवाय तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. वरच्या उदाहरणात दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर कर्ज साडेतीन वर्षं आधी संपतं. बोनसचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

पाचवी पायरी: कागद

नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या (रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या राज्याच्या नियामकाच्या) संकेतस्थळावर त्याचं पान उघडा. जाहिरातीत क्यूआर कोड असणं २०२३ च्या ऑगस्टपासून सक्तीचं आहे, तो स्कॅन केला की पोचता. सेल्स ऑफिसात तोंडी सांगितलेली तारीख सोडा, तिथे नोंदवलेली ताबा द्यायची तारीख बघा. ती आधी किती वेळा पुढे ढकलली आहे, किती फ्लॅट बुक झालेत, मंजूर नकाशात तुमचा मजला आहे का, जमिनीवर दावे चालू आहेत का, हे सगळं तिथे असतं. बाराव्या मजल्यापर्यंतच मंजुरी असताना पंधरावा मजला विकणारे असतात.

दर विचारताना कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरता येणाऱ्या क्षेत्रफळावर, विचारा. 'सेलेबल एवढे फूट' (जिना-लॉबीचा वाटा मिळवून फुगवलेलं क्षेत्रफळ) ही भाषा अजून चालते. रेरात हिशेब कार्पेटचाच आहे आणि त्यात बाल्कनी धरत नाहीत.

रिसेल घेताय तर कागदांची साखळी लागते: बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार आणि त्यांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातले व्यवहाराचे उतारे), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचं पत्र, आणि मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं बाकी रकमेचं पत्र. जमिनीचा ३० वर्षांचा टायटल सर्च (मालकीहक्काची तपासणी) स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. जुन्या सोसायटीत कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, हे अवश्य विचारा. पुढे पुनर्विकास निघाला की सगळं त्यावर अडतं.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेला किंवा गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय छोटे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचा) फ्लॅट 'दहा लाख स्वस्त' मिळतो. स्वस्त असतो याचं कारण तेच असतं. नवख्या माणसाने तिथे जाऊ नये.

सहावी पायरी: टोकनपासून नोंदणीपर्यंत

करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, असा रेराचा नियम आहे. टोकन चेकने किंवा ऑनलाइन द्या, आणि कर्ज नामंजूर झालं तर किती दिवसांत परत, हे पावतीवर लिहून घ्या.

रिसेलमध्ये "थोडे कॅशमध्ये द्या" असं हमखास येतं. नाही म्हणा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, त्या पैशावर कर्ज मिळत नाही, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत कागदावर कमी दिसल्यामुळे नफ्यावरचा कर तुमच्याच गळ्यात पडतो. मुद्रांक शुल्क तर करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यांतल्या जास्त असेल तिच्यावर बसतं.

घर ५० लाख किंवा जास्तीचं असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर नियम पूर्ण वेगळे आणि कपात बरीच जास्त. तिथे सीए गाठल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बांधकाम चालू असलेल्या घरात आणखी एक चटका आहे: ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालू राहतं. वर्षभर उशीर झाला तर आपल्या उदाहरणात तीन लाखांचं भाडं वाढलं. उशिराबद्दल बिल्डरकडून व्याज मागता येतं, महारेराकडे तक्रारही करता येते, पण ते पैसे हातात पडायला वेळ लागतो. हाताशी रक्कम जेमतेम असेल तर तयार घर बघा, दर थोडा जास्त पडला तरी.

सातवी पायरी: ताबा मिळाल्यावर

ताबा घेताना भिंतींवर बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते पाहा. दोष लेखी द्या. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो.

मग नावं बदलण्याची कामं: महावितरणचं मीटर, महापालिकेची मिळकतकर नोंद, सोसायटीचं सभासदत्व. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण ती आपोआप लागतेच असं नाही. पीटी-३ अर्ज भरून, तिथेच राहत असल्याचे पुरावे जोडून द्यावा लागतो. रिसेल असेल तर सोसायटी हस्तांतर अधिमूल्य (सभासदत्व तुमच्या नावावर करण्याची रक्कम) मागेल. महापालिका हद्दीत ते २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, मग त्याला 'ऐच्छिक देणगी' असं नाव दिलेलं असो. पावती मागा, आणि शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढल्याशिवाय पाठपुरावा सोडू नका.